नंबर ही घराची किल्ली आहे



या सदराकडे येणारे प्रश्न दिसायला वेगवेगळे असतात. एका घरात अम्मींच्या बँकेचा ओटीपी धाकट्या मुलाच्या फोनवर जातो आणि तो पुण्याला होस्टेलवर असतो. दुसऱ्या घरात लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी अडते, कारण आधारला जोडलेला नंबर कधीच बंद पडलेला असतो. कुणाचे व्हॉट्सअ‍ॅप भलत्यानेच ताब्यात घेतलेले असते आणि नातेवाइकांना पैशांची मागणी जात असते. कुणाचे भाई आखातात असतात आणि इथल्या खात्याचा ओटीपी त्यांना मिळत नाही.

या सगळ्यांचे मूळ एकच आहे, मोबाइल नंबर. बँक, आधार, यूपीआय, गॅस, ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप, मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज, सगळीकडे आपली ओळख पटवायची वेळ आली की त्या दहा आकड्यांवर संदेश येतो. फोन हरवला तर पैसे जमवून दुसरा घेता येतो. नंबर दुसऱ्याच्या हाती गेला तर घराची किल्ली गेली असे समजावे. दाराला आपण कडी, कोयंडा, कुलूप सगळे लावतो, पण या किल्लीची मात्र बहुतेक घरांत कुणीच दखल घेत नाही. म्हणून या महिन्यात तेवढ्याच विषयावर बोलू.

आधी वही काढा

पहिले काम कागद-पेनाचे आहे. एक साधी वही घ्या आणि घरातल्या प्रत्येक माणसासाठी एक पान ठेवा. त्यावर लिहा : आधारला कोणता नंबर जोडला आहे, कोणत्या बँकेला कोणता, यूपीआय कोणत्या नंबरवर चालते, गॅसची नोंदणी कोणत्या नंबरवर आहे, गूगल खाते कोणते आणि ते परत मिळवण्यासाठी कोणता नंबर दिला आहे.

पासवर्ड, पिन किंवा कार्डाचे आकडे या वहीत लिहायचे नाहीत. फक्त काय कुठे जोडले आहे एवढेच. वही कपाटात, घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवा.

लिहायला बसलात की पहिल्या अर्ध्या तासातच घोळ समोर येतो. आधारला कोणता नंबर आहे हे आठवत नसेल तर आधारच्या संकेतस्थळावर नंबर पडताळण्याची सोय आहे. चौकशीसाठी १९४७ हा क्रमांक आहे. आधारचा नंबर बदलायचा असेल तर माणसाला स्वतः आधार केंद्रावर जाऊन, बोटांचे ठसे देऊन आणि ठरलेले शुल्क भरून तो बदलून घेता येतो. फोनवर नंबर बदलून देतो असे कुणी अनोळखी माणूस म्हणाला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

नंबर कुणाच्या नावावर, कुणाच्या हातात?

आपल्या घरांत एक सवय सर्रास दिसते. घरातल्या सगळ्यांचे सिम एकाच्या नावावर घेतलेले असते आणि सगळ्यांच्या बँकेला एकाचाच नंबर दिलेला असतो. अब्बांचे खाते, अम्मींचे खाते, बहिणीचे खाते, सगळ्यांचा ओटीपी मोठ्या भावाच्या फोनवर. तो कर्तबगार असतो, प्रामाणिकही असतो. पण तो प्रवासात असला, त्याचा फोन बंद पडला किंवा तो कामानिमित्त परदेशी गेला की सगळ्या घराचे व्यवहार थांबतात. आणि त्याचा एक फोन चोरीला गेला तर एका वेळी चार खाती धोक्यात येतात.

यात दुसरीही एक बाजू आहे. अम्मींच्या खात्यात पैसे कधी आले, किती गेले, हे त्यांना स्वतःला कळत नाही, कारण बँकेचा संदेश त्यांच्याकडे येतच नाही. पैसा त्यांचा असतो आणि त्याची खबर दुसऱ्याकडे असते. म्हणून आम्ही आग्रहाने सांगतो : ज्याचे खाते, त्याच्याच नावाचे सिम आणि त्याच्याच हातातला फोन. त्यासाठी महागडा फोन लागत नाही. बटणांचा साधा फोनही बँकेचा संदेश दाखवतो. वाचता येत नसेल तर घरातले मूल वाचून दाखवील, पण फोन अम्मींजवळ राहील.

आपल्या नावावर नेमके किती नंबर चालू आहेत हे पाहण्याची सरकारी सोय आहे. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर जा, आपला नंबर टाका, ओटीपी द्या. तुमच्या नावावर घेतलेल्या नंबरांची यादी येते. त्यातला एखादा तुमचा नसेल तर तिथेच ‘हा माझा नंबर नाही’ असे कळवता येते. जुना, नको असलेला नंबर असेल तर त्यासाठीही पर्याय आहे. महाराष्ट्रात एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त ९ नंबर घेता येतात. पूर्वी झेरॉक्सच्या दुकानात दिलेल्या आधारच्या प्रतीवर कुणी सिम घेतले आहे का, हे या यादीत लगेच दिसते. दर सहा महिन्यांनी एकदा ही यादी पाहायची सवय ठेवा.

सिमला कुलूप

फोनला पॅटर्न किंवा बोटाचे कुलूप असते, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण चोर फोन उघडत बसत नाही. तो सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो. मग तुमचे सगळे ओटीपी त्याच्याकडे येऊ लागतात आणि तुमच्या फोनचे कुलूप जागच्या जागी राहते.

यावर उपाय म्हणजे सिम लॉक. फोनच्या सेटिंग्जमध्ये वरच्या शोधाच्या जागेत ‘सिम लॉक’ असे टाकले की तो पर्याय सापडतो. तो चालू केला की सिम दुसऱ्या फोनमध्ये घातल्यावर किंवा फोन बंद करून चालू केल्यावर आधी पिन मागितला जातो. पिन नसेल तर सिम काम करत नाही.

मात्र एक खबरदारी घ्या. हे कुलूप पहिल्यांदा चालू करताना कंपनीने आधीच ठरवलेला पिन द्यावा लागतो. तो अंदाजाने टाकू नका. कंपनीच्या मदत क्रमांकावर किंवा दुकानात विचारून घ्या आणि मग बदलून स्वतःचा ठेवा. तीन वेळा चुकीचा पिन टाकला तर सिम अडकते आणि ते उघडायला कंपनीकडून आठ आकडी पीयूके क्रमांक घ्यावा लागतो. तो दहा वेळा चुकला तर सिम कायमचे निकामी होते.

आणखी एक सवय आजच सोडा. फोनच्या कव्हरमध्ये मागच्या बाजूला एटीएम कार्ड खोचून ठेवण्याची. यूपीआयचा नवा पिन बनवायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, कार्डाची मुदत आणि नंबरवर आलेला ओटीपी पुरतो. फोन आणि कार्ड एकत्र गेले की या तिन्ही गोष्टी आपण स्वतःच चोराच्या हातात ठेवलेल्या असतात. कार्डाचा आणि आधारचा फोटो फोनच्या गॅलरीत असेल तर तोही काढून टाका.

व्हॉट्सअ‍ॅपचे दोन दरवाजे

व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्याच्या ताब्यात जाते ते बहुधा दोन वाटांनी.

पहिली वाट म्हणजे सहा आकडी कोड. कुणीतरी आपल्या फोनवर तुमचा नंबर टाकून व्हॉट्सअ‍ॅप सुरू करतो. कोड तुमच्याकडे येतो. मग ओळखीच्याच नंबरवरून निरोप येतो, ‘चुकून माझा कोड तुमच्याकडे आला आहे, जरा पाठवा.’ तो ओळखीचा माणूस नसतो. त्याचे खाते आधीच गेलेले असते. कधी कधी कोड मागण्याऐवजी स्टार किंवा हॅशने सुरू होणारा एखादा क्रमांक डायल करायला सांगतात. तो कॉल फॉरवर्डिंगचा असू शकतो. तो डायल केला की तुमचे कॉल त्याच्याकडे वळतात आणि कॉलवर सांगितला जाणारा कोड त्याला ऐकू जातो. कुरियरवाला, बँकवाला, गॅसवाला, कुणीही सांगो, असा क्रमांक डायल करायचा नाही.

या वाटेवर कुलूप घालायला व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट’ या भागात ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ चालू करा. तिथे तुम्हीच एक सहा आकडी पिन ठरवता. मग नुसता कोड मिळून चोराचे भागत नाही. सोबत ईमेलही द्या, म्हणजे पिन विसरलात तर परत मिळवता येतो.

दुसरी वाट ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ची. सायबर कॅफेत किंवा झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढण्यासाठी आपण तिथल्या संगणकावर व्हॉट्सअ‍ॅप उघडतो आणि तसेच सोडून येतो. त्या संगणकावर आपले संदेश नंतरही वाचता येतात. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये वरच्या तीन ठिपक्यांवर जाऊन ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ पाहा. अनोळखी नाव दिसले की त्यावर बोट ठेवून लॉग आउट करा.

खाते गेलेच तर घाबरू नका. आपल्या फोनवर आपला नंबर टाकून पुन्हा नोंदणी करा. एसएमएसने आलेला कोड टाकला की दुसऱ्या फोनवरचे खाते बंद होते. चोराने त्याचा स्वतःचा पिन लावून ठेवला असेल तर सात दिवस थांबावे लागते, पण कोड टाकल्याबरोबर त्याचा ताबा मात्र सुटतो. त्या काळात घराण्याच्या ग्रुपवर दुसऱ्या नंबरवरून कळवा की ‘माझ्या नावाने पैसे मागितले तर देऊ नका.’

रमजानमध्ये याची विशेष काळजी घ्यावी लागते. जकात, सदका, मदरशाची वर्गणी, कुणाच्या ऑपरेशनसाठी मदत, असे निरोप त्या दिवसांत खूप येतात आणि आपला हातही सैल असतो. निरोप सख्ख्या मामूंच्या नंबरवरून आला तरी पैसे पाठवण्याआधी त्यांना साधा फोन लावून त्यांचा आवाज ऐका. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर जे नाव दिसते ते वाचा. संस्थेच्या नावाने मागणी आणि खाते भलत्याच माणसाचे, असे दिसले तर थांबा. जकात हकदारापर्यंत पोहोचते की नाही हे पाहणे आपलेही काम आहे.

लग्नाची पत्रिका आणि एपीके

लग्नसराईत व्हॉट्सअ‍ॅपवर दावतनामे येतात. फसवणाऱ्यांनी हेच हेरले आहे. ‘शादी का कार्ड’ अशा नावाची फाइल येते आणि नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही तीन इंग्रजी अक्षरे असतात. पत्रिका ही फोटो असते, व्हिडिओ असतो किंवा पीडीएफ असते. एपीके म्हणजे अ‍ॅप. ती फाइल उघडून ‘इन्स्टॉल’ केली की अ‍ॅप तुमचे एसएमएस वाचण्याची परवानगी मागते. ती दिली की प्रत्येक ओटीपी परस्पर चोराकडे जातो. वाहतुकीच्या दंडाची पावती किंवा बँकेची केवायसी या नावानेही अशाच फाइली येतात. ओटीपी कुणाला सांगू नये हे आता घरोघरी माहीत झाले आहे. इथे तर सांगावाच लागत नाही, म्हणून ही वाट जास्त घातक.

घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढा एकच नियम शिकवा : अ‍ॅप फक्त प्ले स्टोअरवरून घ्यायचे, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले कधीच नाही.

चुकून इन्स्टॉल झाले तर लगेच फोन फ्लाइट मोडवर टाका आणि वायफायही बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खात्याचे ऑनलाइन व्यवहार थांबवा. मग ते अ‍ॅप काढून टाका. ते निघत नसेल तर फोन पूर्ण पुसून नव्याने सुरू करावा लागतो.

जुना नंबर सोडताना

स्वस्त रिचार्ज मिळाला म्हणून नवा नंबर घेतला आणि जुने सिम डब्यात टाकून दिले, असे पुष्कळ घरांत होते. रिचार्ज न केलेला, न वापरलेला नंबर काही काळाने बंद होतो. बंद झालेला नंबर निदान ९० दिवस कुणाला दिला जात नाही. त्यानंतर मात्र कंपनी तो नव्या ग्राहकाला देऊ शकते. हे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने सर्वोच्च न्यायालयातही सांगितले आहे आणि आपला डेटा जपण्याची जबाबदारी नंबर सोडणाऱ्याचीच असल्याचे न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटले.

याचा अर्थ असा की तुमच्या जुन्या नंबरवर येणारा बँकेचा ओटीपी उद्या एखाद्या अनोळखी माणसाच्या फोनवर वाजू शकतो. तो माणूस चोर नसेलही. पण किल्ली त्याच्याकडे गेली.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी आधार, बँक आणि गूगल खात्याचा नंबर बदला. मग व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘चेंज नंबर’ वापरून खाते नव्या नंबरवर न्या. वहीत नोंद करा. हे सगळे झाल्यावरच जुने सिम सोडा. नुसते रिचार्ज महाग पडते म्हणून कंपनी बदलायची असेल तर नंबर तोच ठेवून पोर्ट करता येतो. तोच मार्ग बरा.

परदेशी असलेले आणि उमऱ्याला जाणारे

रत्नागिरी-रायगडच्या अनेक घरांतली कमावती माणसे आखातात आहेत. इथले सिम तिकडे नेले तरी आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू नसेल तर ओटीपी येत नाही. निघण्यापूर्वीच कंपनीकडून रोमिंग चालू करून घ्या आणि रिचार्जची मुदत तपासा. एसएमएस यायला इंटरनेट लागत नाही. डेटा रोमिंग बंद ठेवूनही ओटीपी मिळू शकतो.

ज्यांची एनआरई किंवा एनआरओ खाती आहेत त्यांच्यासाठी वेगळी सोयही आहे. जानेवारी २०२३ मध्ये सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कतार आणि ओमानसह दहा देशांतल्या नंबरांवर यूपीआय वापरायला परवानगी मिळाली. आपली बँक ही सोय देते का ते विचारून घ्या.

हजला किंवा उमऱ्याला जाणाऱ्यांनीही हेच करावे. इथले सिम घरी दुसऱ्याच्या हवाली करून जाऊ नका. सोबत न्या किंवा सिम लॉक लावून कपाटात ठेवा. तिथे गर्दीत फोन हरवला तर काय करायचे, हेही घरच्यांना आधी सांगून ठेवा. पासपोर्टची प्रत आणि घरच्या दोन माणसांचे नंबर कागदावर लिहून जवळ बाळगा. आज कुणाला कुणाचा नंबर पाठ नसतो.

घरातले माणूस गेल्यावर

हा भाग नाजूक आहे, पण टाळता येत नाही. घरातल्या कर्त्याचा इंतकाल होतो. त्यांचा फोन मुलाकडे असतो, यूपीआयचा पिनही त्याला ठाऊक असतो. दवाखान्याचे बिल, इतर खर्च, म्हणून तो त्या खात्यातून पैसे काढत राहतो. हेतू वाईट नसतो. पण मृत्यूनंतर ते पैसे सगळ्या वारसांचे होतात. त्यांत आईचा हिस्सा असतो, बहिणींचा असतो. पिन माहीत आहे म्हणून हक्क मिळत नाही. बँकेला मृत्यूचा दाखला द्या आणि पुढचे व्यवहार रीतसर होऊ द्या.

नंबर मात्र घाईने बंद करू नका. विमा, पेन्शन, सोसायटी, गॅस अशा ठिकाणी तो लागतो. मृत्यूचा दाखला आणि आपली ओळखपत्रे घेऊन कंपनीच्या दुकानात गेल्यास तो नंबर घरातल्या माणसाच्या नावावर करून मिळतो. सगळीकडची नावे बदलेपर्यंत तो चालू ठेवा.

फोन हरवला तर काय, कोणत्या क्रमाने?

हे पान कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

पहिले, दुसऱ्या फोनवरून सिमच्या कंपनीला फोन करून सिम बंद करा. फोन शोधणे नंतर.

दुसरे, बँकेला कळवून यूपीआय आणि कार्ड थांबवा. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये काढलेल्या परिपत्रकात तत्त्व असे आहे की खातेदाराने कळवल्यानंतर जे नुकसान होईल त्याची जबाबदारी बँकेची. म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

तिसरे, पैसे गेलेच असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. रक्कम, वेळ आणि व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. पैसे चोराच्या खात्यातून पुढे जाण्याआधी अडवणे हा या क्रमांकाचा उद्देश आहे. ‘उद्या बघू’ म्हटले की ती संधी जाते.

चौथे, पोलिसांत तक्रार करा आणि तिची प्रत घ्या. त्याच नंबरचे नवे सिम घ्या. मग ‘संचार साथी’वर हरवलेला फोन ब्लॉक करण्याचा अर्ज भरा. त्यासाठी फोनचा १५ आकडी आयएमईआय क्रमांक लागतो. तो फोन हातात असतानाच स्टार, हॅश, ०६, हॅश असे डायल करून पाहता येतो. हे वाचून झाल्यावर तो लगेच वहीत लिहा. फोनच्या बिलावर आणि खोक्यावरही तो असतो, म्हणून खोके फेकू नका.

यातले बहुतेक काम फुकट आहे. लागतात ते दोन तास, एक वही आणि घरातली सगळी माणसे एका ठिकाणी. येत्या सुट्टीच्या दिवशी जेवणानंतर बसा. प्रत्येकाचे पान भरा, प्रत्येकाच्या व्हॉट्सअ‍ॅपला पिन लावा, प्रत्येकाचा आयएमईआय लिहा. अम्मींचे पान सगळ्यांत आधी भरा. ते रिकामे निघण्याची शक्यता जास्त असते.

पुढच्या महिन्यात फोनमधले फोटो आणि कागदपत्रे सुरक्षित कशी साठवायची ते पाहू, इन्शाअल्लाह.